उतरायची वेळ आली की एफएसएक्स का बंद पडतं?

रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन. "मामा, परत उडालं."

"विमान की गेम?"

"गेम रे, एफएसएक्स. मुंबई डोळ्यांसमोर होती. गिअर खाली, फ्लॅप्स १५, २७ नंबरच्या धावपट्टीच्या रेषेत आणणारा लोकलायझर सिग्नल पकडलेला. टण्ण टण्ण असा आवाज आला दोन-तीनदा आणि खलास. समोर डेस्कटॉप."

दुबईहून निघून पावणेतीन तास अरबी समुद्र तुडवत आलेला गडी, शेवटच्या आठ मैलांवर आडवा. त्याचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. "बाबांनी या लॅपटॉपला सव्वा लाख मोजलेत. ३२ जीबी रॅम आहे. २००६ सालचा गेम यावर चालत नाही म्हणजे काय?"

चालतो की. पावणेतीन तास चालला. रडगाणं शेवटच्या दहा मिनिटांचं आहे, आणि ते लॅपटॉपच्या किमतीवर अवलंबून नाही. हा प्रकार मी स्वतः दोन मशीनवर भोगलाय आणि आणखी तीन-चार जणांचा फोनवरून निस्तरलाय. दरवेळी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

एफएसएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स. ऑक्टोबर २००६ मध्ये बाजारात आलं, पुढच्या वर्षी त्यावर ॲक्सेलरेशन नावाचा विस्तार आला. बनवणारा एसेस स्टुडिओ जानेवारी २००९ मध्ये बंद झाला. डिसेंबर २०१४ मध्ये डव्हटेल गेम्सने तेच स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आणलं. डीव्हीडीवालं असो की स्टीमवालं, आतलं इंजिन ३२-बिटचंच. 'मग नवीन सिम्युलेटर का घेत नाही' हा प्रश्न इथे नको. कुणाकडे दहा वर्षांत पै-पै करून जमवलेली विमानं आहेत, कुणाच्या गावात इंटरनेट धड नाही, आणि कुणाला तेच आवडतं.

एक सूचना. फाईलींची आणि ओळींची नावं मी देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात ती इंग्रजीत टाकायची आहेत, जिथे 'सलग' म्हटलंय तिथे मध्ये जागा न सोडता.

आधी सांगा, पडलं कधी?

'क्रॅश झालं' हे सगळेच सांगतात. ते 'पोटात दुखतंय'सारखं आहे, त्यावरून औषध देता येत नाही. कधी पडलं ते सांगा. लांबच्या उड्डाणात उतरताना पडलं असेल तर एक रोग. उजवं बटण दाबून मेनू उघडला आणि पडलं, तर दुसरा. उड्डाण नीट झालं, 'एन्ड फ्लाइट' दाबलं आणि पडलं, तर तिसरा. सुरू होतानाच, पहिलं चित्र दिसतं न दिसतं तोच पडलं, तर चौथा. चारही वेळा शेवट एकच, डेस्कटॉप. त्यामुळे लोक चारही रोगांवर चारही औषधं एकदम घेतात आणि मग पाचवा रोग होतो.

वेळ आठवत नसेल तर विंडोजला आठवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, तिथे लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद शोधा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फाईलीचं नाव असतं. ते नाव कागदावर लिहून घ्या. एनटीडीएलएल असं नाव दिसलं तर फार हुरळून जाऊ नका, त्याच्यावर सगळ्यांचीच पापं लिहिली जातात. पण यूआय-ऑटोमेशन-कोअर दिसलं तर तुमचं निम्मं काम झालं.

भाच्याच्या मशीनवर मात्र तिथे काहीच नव्हतं. होता तो टण्ण आवाज. एफएसयूआयपीसी हे जोडसॉफ्टवेअर बसवलेलं असलं की मेमरीतली जागा संपत आल्यावर ते अशी घंटा वाजवतं. त्याला वाटलं होतं, लॅपटॉपची बॅटरी उतरतेय.

जमीन आहे, गट क्रमांक नाहीत

३२-बिटचा प्रोग्राम मेमरीतल्या जागांना ३२ अंकी द्विमान पत्ते देतो. असे पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. प्रत्येक पत्त्यावर एक बाइट, म्हणजे ४ जीबी. बास. मशीनमध्ये ३२ जीबी घाला नाहीतर ६४, एफएसएक्सला पलीकडचं दिसतच नाही. गावात जमीन हवी तेवढी आहे, पण तलाठ्याच्या वहीतले गट क्रमांक संपलेत, असं समजा. नोंदच करता येत नाही म्हटल्यावर ती जमीन असून नसल्यासारखी. हे ४ जीबीसुद्धा सर्व्हिस पॅक २ हा सुधारणांचा संच किंवा ॲक्सेलरेशन असेल आणि विंडोज ६४-बिटचं असेल तरच. जुन्या डीव्हीडीवरून नुसतं बसवून तसंच चालवत असाल तर वाटा निम्माच. तेव्हा आधी ते सर्व्हिस पॅक बघा.

दुसरी गंमत म्हणजे जागा नुसती असून चालत नाही, सलग लागते. एसटीत आठ सीटा रिकाम्या आहेत, पण एक खिडकीशी, एक कंडक्टरजवळ, एक पार मागे. तुम्हाला सहा जणांना एकत्र बसायचंय तर गाडी भरलेलीच म्हणायची. एफएसएक्स असंच मोठा सलग तुकडा मागतं, मिळाला नाही की हात वर करतं. म्हणून ४ जीबी पूर्ण भरायच्या आधीच, दोन-तीनशे एमबी शिल्लक असतानाही ते पडू शकतं.

आणि ग्राफिक्स कार्डावर ८ जीबी आहे म्हणून सुटका नाही. गेमला ग्राफिक्स कार्डाशी बोलू देणाऱ्या डायरेक्टएक्स ९ च्या पद्धतीत कार्डावर चढवलेल्या टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवर चिकटवायच्या चित्रांची, एक प्रत प्रोग्रामच्या वाट्यातही राहते. तीच ती वही, त्यातलेच क्रमांक.

आता उतरतानाच का? कारण उड्डाणभर हळूहळू साचत जातं आणि सगळं लगेच मोकळं होत नाही. दुबईची सीनरी, विमानाचं कॉकपिट, बाहेरून बघितलेलं विमान, वाटेतले ढग. त्यावर शेवटी मुंबईचा विमानतळ, शहराच्या इमारती आणि उभी असलेली पाच-पंचवीस विमानं एकदम येऊन आदळतात. लग्नघरात आधीच पाऊल ठेवायला जागा नाही आणि वरातीची बस दारात.

टास्क मॅनेजरमधला आकडा बघून काही कळत नाही, तो वेगळीच गोष्ट मोजतो. प्रोसेस एक्सप्लोरर हे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं फुकट साधन घ्या. त्यात स्तंभ निवडायच्या यादीत 'व्हर्च्युअल साइझ' सुरू करा आणि एफएसएक्सच्या ओळीकडे बघा. आकडा केबीमध्ये असतो, ४१,९४,३०४ ही भिंत. माझ्या वहीत दुबई-मुंबईची एक जुनी नोंद आहे, जीबीमध्ये: दुबईच्या गेटवर २.७. पस्तीस हजार फुटांवर २.९. मस्कत मागे टाकून तासाभराने ३.१. खाली यायला सुरुवात केली तेव्हा ३.३. वसईच्या आसपास ३.६. ठाण्यावर ३.८, टण्ण, आणि रामनाम.

हे आकडे समोर आल्यावर शोध सोपा होतो. माझी पापं अशी निघाली.

एक, 'एलओडी रेडियस', सलग नाही, मध्ये खालची रेघ. विमानाभोवती किती अंतरापर्यंत जमीन बारकाईने आखायची ते हा आकडा ठरवतो. गेममधून जास्तीत जास्त ४.५ ठेवता येतो. कुठेतरी वाचून मी एफएसएक्स.सीएफजी या गेमच्या सेटिंगच्या फाईलीत तो ६.५ केला होता. दोनच तर वाढवलेत, असं वाटतं. पण ही त्रिज्या आहे. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे जमीन दुपटीहून जास्त झाली. परत ४.५ केलं, एवढ्यानेच गेटवरचा आकडा खाली आला.

दोन, 'टेक्स्चर मॅक्स लोड', तसंच रेघांनी जोडलेलं. मूळचं १०२४, मी ४०९६ केलं होतं. बाजू चौपट म्हणजे चित्र सोळापट. दाबून साठवलेलं १०२४ चं एक टेक्स्चर साधारण १ एमबी असेल तर ४०९६ चं १६. असे ढगांचे दहा-बारा नमुने घेतले की झालं. मी आता २०४८ वर राहतो आणि ढगांचा संच १०२४ चाच ठेवतो. ढग मुळात मऊच असतात, त्यांना धार कशाला? इथे एक खोडी आहे, जी समजायला मला महिना लागला: गेममधून डिस्प्लेची कुठलीही सेटिंग बदलली की हे दोन्ही आकडे मुकाट्याने १०२४ आणि ४.५ वर परत जातात. 'कालपर्यंत ठीक होतं, आज विमान धूसर दिसतंय' याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तीन, ऑटोजेन. झाडं आणि घरं. 'एक्स्ट्रीमली डेन्स'वरून 'नॉर्मल' किंवा फार तर 'डेन्स'. जेटमधून तीनशे मैल वेगाने जाताना तुम्ही झाडं मोजणार आहात का? सेस्ना घेऊन लोणावळ्यावरून रमतगमत जायचं असेल तेव्हा खुशाल वाढवा, छोटं विमान स्वतः फार खात नाही.

चार, रहदारी. रस्त्यावरच्या गाड्या मी शून्यावर ठेवतो. मुंबईत रहदारी नसणं हे खोटं वाटतं खरं, पण वरून दिसत नाही.

हे चार केल्यावर तेच विमान, तोच मार्ग, तेच हवामान घेऊन उतरलो तेव्हा आकडा ३.१ होता.

'हाय-मेम-फिक्स=१' ही ओळ त्याच फाईलीत ग्राफिक्सच्या विभागात घाला, सलग आणि मोठ्या अक्षरांत. पण तिने जागा वाढते ही समजूत खोटी आहे. मेमरीचा वापर वाढला की पॅनेल काळं पडणं, इमारतींची टेक्स्चर गायब होणं, हे ती थांबवते. वही तेवढ्याच पानांची राहते.

हे सगळं करूनही एखादं भारी विमान आणि दोन्ही टोकांना भारी विमानतळ असतील तर अडचण येतेच. तेव्हा मी खाली यायला सुरुवात करायच्या आधी अर्धविरामाची कळ दाबून उड्डाण सेव्ह करतो. आकडा ३.५ च्या वर असेल तर गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडतो आणि तिथूनच पुढे जातो. साचलेलं सगळं मोकळं होतं. कुणी याला लबाडी म्हणेल. पावणेतीन तास वाया घालवण्यापेक्षा ही लबाडी बरी.

बाकीचे तीन रोग

मेनूवाला. विंडोज ७ पासूनचं हे जुनं दुखणं. उजवं बटण, मेनू, दृश्य बदल, पुन्हा उजवं बटण, असं वीस-पंचवीस वेळा झालं की गेम पडतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये यूआय-ऑटोमेशन-कोअर नावाची डीएलएल दिसते. उपाय ठरलेला आहे: त्याच नावाची विंडोज व्हिस्टाच्या काळातली ३२-बिट फाईल, आवृत्ती ६.०.५८४०.१६३८६, एफएसएक्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवायची. गेम स्वतःच्या घरातली फाईल आधी घेतो. सिस्टीम३२ मध्ये ती घालू नका, तिथलं काही बदलू नका. आणि 'फुकट डीएलएल' म्हणून चमकणाऱ्या कुठल्याही ठिकाणाहून उतरवू नका, अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय तर नाहीच. फाईल मिळेपर्यंत मेनूच टाळा: एस दाबून दृश्याचा प्रकार बदलतो, ए दाबून त्यातलं पुढचं दृश्य येतं. मला तर आता मेनूची आठवणही होत नाही.

उड्डाण संपवताना पडणारा. हा सर्वात सोपा आणि सर्वात जास्त चकवणारा, कारण लोक ग्राफिक्सच्या मागे लागतात. डॉक्युमेंट्समध्ये 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाईल्स' या फोल्डरात लॉगबुक.बिन आहे. ती बिघडली की तुमच्या तासांची नोंद करताना गेम कोसळतो. तिचं नाव बदला, गेम नवीन कोरी वही उघडेल. जुने तास जातात. माझे चारशेच्या वर गेले. दोन दिवस हळहळ वाटली, मग नाही.

सुरू होतानाच पडणारा. कुठलंतरी जोडसॉफ्टवेअर. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स असं आत गेलं की डीएलएल.एक्सएमएल सापडते. नाव बदलून गेम सुरू करून बघा. चालला तर गुन्हेगार त्या यादीत आहे. मग फाईल परत आणा आणि प्रत्येक नोंदीतल्या 'डिसेबल्ड'समोर 'ट्रू' लिहून निम्म्या नोंदी झोपवा. चालला तर चोर राहिलेल्यांतला नाही, झोपवलेल्यांतला. मग त्यातल्या निम्म्या. बारा नोंदी असतील तर चार फेऱ्यांत चोर सापडतो.

बदल केला, पण झालाच नाही

यावर मी एका माणसाबरोबर दोन तास फोनवर घालवलेत. विमानाच्या फोल्डरातली फाईल बदलली, सेव्ह केली, पुन्हा उघडून बघितली, बदल दिसतोय, आणि विमानात काहीच फरक नाही. त्याचा गेम सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाईल्समध्ये होता. विंडोज तिथे साध्या प्रोग्रामांना लिहू देत नाही, पण जुन्यांचं मन मोडू नये म्हणून त्यांची लिहिलेली प्रत गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवतं. म्हणजे एका फाईलीच्या दोन प्रती: एक तुम्ही बघता, एक गेम वाचतो. तो आमच्यासारखा एकेका ओळीवर डोकं फोडत होता आणि फाईलच वेगळी होती.

म्हणून बसवायचंच असेल तर डी ड्राइव्हवर किंवा सी वरच पण उघड्या जागी, 'एफएसएक्स' अशा साध्या फोल्डरात बसवा. स्टीमवाल्यांनी लायब्ररी दुसऱ्या जागी करावी. आणि स्टीमचं व डीव्हीडीचं दोन्ही एकाच मशीनवर असेल तर सेटिंगच्या फाईलीही वेगळ्या असतात, स्टीमवालीच्या नावात एसई असतं. कुठली उघडली आहे ते आधी बघा.

सेटिंगच्या याच फाईलीत एक फुकटचं निदान आहे. डिस्प्ले-डिव्हाइस असा विभाग शोधा, त्यात ग्राफिक्स कार्डाचं नाव असतं. लॅपटॉपवर तिथे एनव्हिडियाऐवजी इंटेलचं नाव दिसलं तर एवढ्या महागाच्या मशीनवर गेम प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर चाललाय. भाच्याचं नेमकं तेच होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या यादीत गेमचं नाव टाकून 'हाय परफॉर्मन्स' निवडलं. मेमरीच्या दुखण्याशी याचा संबंध नव्हता, पण वेग जवळजवळ दुप्पट झाला. "हे तू आधी का नाही सांगितलंस?" आधी विचारलंस कुठे?

इंटरनेटवरची मंत्रावळी

जुन्या सिम्युलेटरभोवती पंधरा-वीस वर्षांची औषधं जमलीत. त्यातली बरीच दोन कोअरच्या प्रोसेसरसाठी आणि ५१२ एमबीच्या कार्डांसाठी लिहिलेली होती. भाच्याच्या फाईलीत अशा बावीस ओळी निघाल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध. मी फाईलीचं नाव बदलून गेम सुरू करायला लावला. गेम स्वतः कोरी फाईल तयार करतो. त्यात आम्ही चारच ओळी घातल्या: हाय-मेम-फिक्स, टेक्स्चर मॅक्स लोड २०४८, रुंद पडद्यासाठी डिस्प्लेच्या विभागात 'वाइड व्ह्यू ॲस्पेक्ट=ट्रू' सलग, आणि एक प्रोसेसरसाठी.

बफरपूल्सच्या ओळीला मी हात लावू देत नाही. तिने चित्र गुळगुळीत होतं म्हणतात, होतंही कधीकधी, आणि मग एके दिवशी आकाशभर काळे त्रिकोण नाचायला लागतात.

प्रोसेसरची ओळ मात्र नव्या मशीनवर खरंच उपयोगी पडते. एफएसएक्सचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं. जमिनीची टेक्स्चर आणण्यासारखी कामं २००७ च्या सर्व्हिस पॅकपासून इतर कोअरांवर वाटली जातात, एवढंच. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर असतात. जुन्या प्रोग्रामला हा भेद कळत नाही, आणि मुख्य काम छोट्या कोअरवर जाऊन पडलं की विमान बैलगाडी होतं. म्हणून जॉब-शेड्युलर विभागात 'ॲफिनिटी मास्क', म्हणजे कुठले कोअर वापरायचे ते सांगणारी ओळ. भाच्याकडे सहा मोठे कोअर, प्रत्येकी दोन धागे (थ्रेड), म्हणजे पहिले बारा क्रमांक मोठ्यांचे. पहिल्या क्रमांकाची किंमत १, पुढे प्रत्येकाची आधीच्याच्या दुप्पट. पहिला कोअर विंडोजला सोडून बाकी पाचांचा एकेक धागा घ्यायचा: ४, १६, ६४, २५६ आणि १०२४, बेरीज १३६४. तोच आकडा त्या ओळीत. तुमच्याकडे सगळे कोअर एकाच जातीचे असतील तर ही ओळ न घालताही भागतं.

आणि जॉयस्टिक अर्ध्या वाटेत मरत असेल तर फाईलीत शोधू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या' ही खूण काढा.

आता नटवायचं कसं

नियम एकच धरा: शृंगाराचा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या खात्यावर टाका, वहीच्या नाही. पडद्याचं रिझोल्यूशन, कडा गुळगुळीत करणारं अँटीअलायझिंग, धावपट्टीचं लांबचं टोक स्पष्ट दाखवणारं १६ पट ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, हे सगळं आजचं साधं कार्डही हसत उचलतं आणि ४ जीबीच्या वाट्याला फारसा धक्का लागत नाही. २००६ साली याच गोष्टी परवडत नव्हत्या, आज त्याच जवळजवळ फुकट आहेत. मेनूची अक्षरं ४के पडद्यावर धूसर दिसत असतील तर गेमच्या फाईलीच्या कम्पॅटिबिलिटी पानावर डीपीआय स्केलिंगचं ओव्हरराइड आहे. पाण्याची सरकपट्टी '२.एक्स'च्या खालच्या पायरीवर ठेवा: समुद्र चमकतो आणि वेग टिकतो. लाइट ब्लूम बंद. विमानाची स्वतःवर पडणारी सावली बंद.

मूळ गेममधला सह्याद्री बघून वाईट वाटतं. कडे कसले, लोणी वितळल्यासारखे उतार. फ्रीमेशएक्स नावाचा फुकट उंचसखलपणाचा संच बसवला की घाटाला घाटासारखा उतार येतो. पुण्याहून निघून कोकणात उतरताना पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी हात सोडून बघत बसलो होतो. मेशचं रिझोल्यूशन ३८ मीटर ठेवा. ५ मीटरवर नेऊन तुमच्याकडे नसलेला तपशील येत नाही. हा संच थोडी मेमरी खातो, पण मी ती देतो.

डायरेक्टएक्स १० ची 'प्रिव्ह्यू' खूण लावली तर मेमरी बरीच वाचते, कारण टेक्स्चरच्या दुसऱ्या प्रतीचा भार हलका होतो. पण एफएस २००४ या आधीच्या सिम्युलेटरसाठी बनलेली जुनी विमानं त्यात पांढरी पडतात, धावपट्टीचे दिवे रुसतात. नव्या विमानांपुरतंच उडत असाल तर करून बघा. मी परत ९ वर आलोय.

राहिली गोष्ट जगाची. हे जग २००६ मध्ये थांबलंय. नवी मुंबईचा विमानतळ यात नाही, गोव्याला मोपा नाही, दाबोळीलाच उतरावं लागतं. बेंगळुरूचं देवनहळ्ळी आणि हैदराबादचं शमशाबाद दोन्ही २००८ ची, त्यामुळे अजून एचएएल आणि बेगमपेट. लोकांनी फुकट बनवलेले विमानतळ मिळतात. एका वेळी एकच बसवा, उडून बघा, आकडा वहीत लिहा, मग दुसरा. एकदम आठ बसवून 'मामा, परत उडालं' म्हणालात तर मी फोन उचलणार नाही.

भाच्याने तिसऱ्या रात्री तेच उड्डाण पुन्हा केलं. साडेबाराला मेसेज आला: "उतरलो. ३.१." मी झोपायला वळलो तेवढ्यात दुसरा: "पण टी२ सापडत नाहीये. वीस मिनिटं टॅक्सी करतोय." २०१४ साली उघडलेलं टर्मिनल.